गंधक किती चाललं

लिफ्टमधली बाई माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या कोटाकडे बघत होती. सहाव्या मजल्यावर आत आली. हातात ओल्या कचऱ्याची पिशवी, तळाला पिवळं पाणी साचलेलं, आत मुळ्याच्या साली, माशांची डोकी, आणि नाक मुरडलं ते माझ्यासमोर. आधी तिने पिशवीच हुंगली. खात्री केली की हा वास आपला नाही. मग मागे सरकून आरशाला टेकून उभी राहिली. थोडं खाली आल्यावर म्हणाली, कुठेतरी गॅस गळतोय. मग फोन काढला. तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा ती गॅसवाल्यांना सांगत होती की इमारतीत अंडी सडल्यासारखा वास येतोय, लिफ्टमध्ये तर उभं राहवत नाही, वर लहान मुलं आहेत, लवकर माणूस पाठवा. मी तिच्यासाठी दार धरून उभा राहिलो. सभ्य माणूस. गॅस कुठून गळतोय ते मला कळलं होतं. एका वाक्यात सगळं संपलं असतं. नाही बोललो. बाहेर रस्त्यावर बर्फाचा काळा चिखल झाला होता, आणि मागून तिचा आवाज आला, हो हो, आहे अजून, आता जरा कमी झालाय.

कोट माझा नव्हता. आदल्या संध्याकाळी एकदम थंडी पडली आणि मी नुसत्या स्वेटरवर आलो होतो, म्हणून हाम ये-जूने आपला घोट्यापर्यंतचा काळा, आत पिसं भरलेला कोट माझ्या अंगावर टाकला. म्हणाली, मला भट्टीपाशीच थांबायचंय, तिथे ऊब असते, तू घेऊन जा, उद्या आण. मी तिला नूना म्हणतो. म्हणजे ताई. प्रयोगशाळेत सगळेच म्हणतात, त्यात बहिणीचं तसं काही नसतं. तो कोट माझ्या खोलीत खिळ्याला लटकत राहिला आणि मला वासबिस काही आला नाही. बसस्टॉपवर उभं राहून मी कॉलरमध्ये नाक खुपसलं. आधी शाम्पू. मग केस. मग खालून, अस्तरातून, हळूहळू ते वर आलं. उकडलेलं अंडं. शाळेच्या सहलीला नेलेलं, दप्तरात राहून गेलेलं, हिरव्या कडीचं, आणि आईने दप्तर उलटं केल्यावर फरशीवर पडून फुटलेलं. एकदा आलं म्हटल्यावर जाईना. प्रयोगशाळेत मी कॉम्प्युटरच्या खोलीत बसतो, मधे भिंत आहे, भिंतीपलीकडे नूना. भिंतीअलीकडे बसून माझं नाक एवढं मेलंय, तर पलीकडे जी दिवसभर काचेच्या पेटीला लावलेल्या रबरी मोज्यांत कोपरापर्यंत हात घालून उभी असते तिचं. हा विचार मी पुढे नेला नाही. बस आली. मी मागच्या दाराच्या फटीपाशी उभा राहिलो, थंड वारा तोंडावर घेत, आणि मला सगळ्यांचे वास यायला लागले. ओली लोकर. कुणाच्यातरी तोंडातला लसूण. हीटरवर तापणारी धूळ. माणूस म्हणजे वासाची पिशवी आहे, वरून गाठ मारलेली, असं काहीतरी डोक्यात आलं आणि दिवसभर ते गेलं नाही.

माझा बाप मोक्पोला पीसी-बांग चालवायचा. तळघरात ओळीने कॉम्प्युटर, पोरं तासावर भाडं देऊन खेळत बसायची, तिथेच नूडल्स खायची, तिथेच सिगारेटी ओढायची. रोज सकाळी बाप एकेक कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटायचा. पाव, नखं, केस, वाळलेली शेवई, राख. ते सगळं तळहाताने गोळा करायचा, उघड्या तळहाताने. मला शिसारी यायची आणि मी बघत राहायचो. मी जे काय शिकलो ते तिथल्या कोपऱ्यातल्या मशीनवर. कॉलेज सोडलं, पदवी नाही, आकडे आणि कोड मात्र जमायचे. इंटरनेटवर कुणीतरी काहीतरी अडल्याचं लिहायचं, मी सोडवून द्यायचो. असंच एकदा यॉम सरांच्या विद्यार्थ्याचं अडलेलं सोडवलं आणि सरांनी मला ग्वांगजूला बोलावून नोकरी दिली. पाहुण्यांना सांगतात, याला मी इंटरनेटवरून उचललं, मांजराचं पिल्लू उचलतात ना, तसं. आणि माझ्या मानेला मागून चिमटीत धरतात. सगळे हसतात. मीही हसतो. मान धरल्यावर पिल्लू गप्प होतं, तसं काहीतरी माझ्यातही होतं, आणि ते मला आवडतं की काय असा संशय येऊन मला स्वतःचीच घाण वाटते.

आमचं काम सांगायला सोपं आहे. हल्लीच्या बॅटरीत दोन टोकांच्या मधे द्रव असतो आणि तो पेट घेतो. त्याच्या जागी घन पदार्थ बसवायचा, दगडासारखा, पण असा दगड की त्यातून लिथियमचे आयन पाण्यातून जावेत तसे जातील. गंधक घालून केलेल्या काही पदार्थांत हे जमतं. कोणत्या पदार्थात चांगलं जमेल हे भट्टीत करून बघायचं तर आयुष्य जाईल. म्हणून आधी कॉम्प्युटरवर एक खोका बांधायचा, त्यात थोडेसे अणू ठेवायचे, गरम करायचे आणि मोकळे सोडायचे. कोण कुणाला किती ढकलतो हे अगदी नियमाने काढत बसलं तर तेही आयुष्यभर चालेल. म्हणून एका मॉडेलला शिकवायचं. थोडी खरी उदाहरणं दाखवायची, पुढचं ते अंदाजाने सांगतं, आणि फार भराभर सांगतं. ते शिकवायचं काम माझं. मग लिथियम सुरुवातीच्या जागेपासून किती लांब गेला ते मोजायचं. जो पदार्थ लिथियमला लांब जाऊ देतो तो चांगला. बस. माझ्या मॉडेलने एक पदार्थ असा शोधला की त्यात लिथियम मोकाट सुटलेला. सरांचा लेख छापून आला, एक बॅटरीची कंपनी मागे लागली, आणि नूनाला तो पदार्थ खरा करून दाखवायला सांगितलं. तिची डॉक्टरेट त्याच्यावर. तिने केला. ती पावडर दमट हवेला लागली की सडक्या अंड्याचा वायू सोडते, म्हणून सगळं त्या मोजे लावलेल्या काचेच्या पेटीत. भाजायचं, कुटायचं, दाबून टिकली करायची, टिकलीला तारा लावून मोजायचं. टिकली मेलेली. लिथियम हलतच नाही. परत भाजायचं. परत मेलेली. दुसरा हिवाळा आला. सर बैठकीत म्हणायचे, पदार्थात खोट नाही, दाबण्यात आहे, हिचे हात किमचीला ठीक आहेत. ती म्हणायची, हो सर, परत करते. ती कांगनुंगची, पूर्वेच्या समुद्राकडची, तिचं बोलणं इकडच्या लोकांना हेल काढल्यासारखं वाटतं, आणि तिच्या 'हो सर'ची सगळे नक्कल करतात. मीपण केलीय.

त्या सकाळी मी कोट परत दिला. ती भट्टीपाशी स्टुलावर बसून गोड रताळं खात होती. कोट घेतला, झटकला आणि हसत म्हणाली, "काय रे हान-ग्युल, वास तर नाही ना मारत माझा कोट?"

"नाही."

"बरं झालं. मला वाटलं धुवायला टाकावा."

तिच्या डोक्यावर भिंतीला गॅसचा इशारा देणारं यंत्र आहे. ते सारखं वाजायचं, पाहुणे आले की फार वाईट दिसायचं, म्हणून त्याची वायर काढून नीट गुंडाळून प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून ठेवलीय. ती रताळं खात होती, चवीने नाही, कागद चावल्यासारखं. मी माझ्या खोलीत जाऊन बसलो. काम होईना. स्क्रीनवर तोच खोका, तेच हिरवे लिथियम पळतायत. गंधकाला आम्ही फिका पिवळा रंग देतो आणि मग लपवतो, कारण ते मधे येतं, लिथियम दिसत नाही. गंधक म्हणजे भिंती. भिंती कोण बघतं? पण त्या दिवशी माझ्या नाकात गंधकच होतं. ती बाई म्हणाली होती ना, कुठेतरी गळतोय. म्हणून मी पिवळं परत दाखवलं. नुसतं बघायला. खोका भरून गेला पिवळ्याने, अंड्याच्या बलकासारखा. आणि मला सहज वाटलं, गंधक किती चाललं ते विचारावं.

कुणी विचारलंच नव्हतं. अंतर मोजायचा आमचा प्रोग्राम फार जुना, सरांच्या पहिल्या विद्यार्थ्याने लिहिलेला. तो आता कुठेतरी मोठा माणूस झालाय आणि त्याचा फोटो जिन्यात लावलाय. जो नवा येतो त्याला थोरला विद्यार्थी तो प्रोग्राम देतो, कसा चालवायचा ते सांगतो, आत काय आहे ते सांगत नाही, कारण त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं. थोरल्याचं उघडून बघणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं. मलाही तसाच मिळाला. तो फक्त लिथियमच्या अंतराची चढती रेघ छापतो. मी आत गेलो, एका ठिकाणी लिथियमच्या जागी गंधक लिहिलं. रेघ आली. तीच रेघ. मला वाटलं बदललं नसेल, परत बघितलं. बदललं होतं. मग फॉस्फरस घातला. तीच रेघ. भिंती, खांब, सगळं लिथियमएवढंच चाललं होतं. म्हणजे कुणीच कुणापासून लांब गेलं नव्हतं. सगळा खोकाच एकत्र वाहत होता. चालत्या बसमध्ये डुलक्या घेणाऱ्या माणसाला उतरल्यावर म्हणावं, वा, काय चालता तुम्ही. जुन्या पद्धतीत असा खोका वाहायला लागला की ती आपोआप धरून ठेवायची, म्हणून त्या पहिल्या विद्यार्थ्याचं कधी बिघडलं नाही. माझं मॉडेल झटपट उत्तर देतं, त्याचे ढकलण्याचे हिशेब एकमेकांत पूर्ण मिटत नाहीत, किंचित उरतात, आणि तेवढ्यावर खोका निघतो. सरळ निघाला असता तर रेघ वाकली असती, कुणालातरी दिसलं असतं. तो झिंगलेल्यासारखा इकडे तिकडे वाहत होता. म्हणून रेघ इतकी सुंदर आली की लेखात रंगीत छापली. मी ते वाहणं वजा केलं. लिथियम जागच्या जागी थरथरत होता. नूनाच्या टिकल्यांनी जे सांगितलं होतं तेच. ती जे परत करते परत करते म्हणत होती ते पहिल्यापासून बरोबर होतं, आणि त्या बरोबर गोष्टीच्या वासात ती उभी होती दोन हिवाळे.

सर संत्रं सोलत होते. ते नखाने सोलतात, करंगळीचं नख त्यासाठी वाढवलंय. मी लॅपटॉप समोर ठेवला आणि सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा घाबरतील, किंवा निदान लॅपटॉप ओढून घेतील. ते फोडीवरचे पांढरे दोरे काढत राहिले. मग म्हणाले, "खोका वाहतोय असं मला उन्हाळ्यातच वाटलं होतं."

मी लॅपटॉप त्यांच्याकडे आणखी सरकवला.

"आज कंपनीचे मा साहेब येतायत. पाहुणा दारात असताना कोणी भिंत पाडतं का? पुढच्या लेखात दुरुस्ती टाकू. तुझंच नाव पहिलं टाकू, काय?"

मी नूनाचं विचारलं. ते म्हणाले, तिचं आज जेवणातच मोकळं करतो, भट्टी दुसऱ्याकडे देतो, तिलाही किती दिवस टांगून ठेवायचं, घरी जाईल, लग्न करेल. मग त्यांनी सोललेलं संत्रं माझ्या तळहातावर ठेवलं. थंड, ओलं, सगळे दोरे काढलेलं, नागडं. त्यांच्या नखाचा चरा होता एका फोडीवर. मी ते खाल्लं. का खाल्लं ते मला सांगता येत नाही. हातात दिलं म्हणून खाल्लं. बाहेर येऊन मी बेसिनवर किती वेळ चुळा भरल्या. बापाचा तो तळहात आठवत होता, राख आणि नखं गोळा करणारा. तो घाण होता पण तो स्वतःचा तळहात होता.

संध्याकाळी दोन गाड्या करून यॉन्गसानपोला गेलो. सर तिथले. आनंदाची गोष्ट असली की सर सगळ्यांना तिथे नेऊन मुरवलेला पाकट खायला घालतात. मातीच्या रांजणात गवत घालून दिवसचे दिवस ठेवलेला मासा, त्याच्यातून अमोनिया सुटतो, सार्वजनिक मुतारीत डोळे झोंबतात तसे झोंबतात. नदीकाठची ती सगळी गल्लीच त्या वासाची. लहानपणी मोक्पोला त्याच्याशिवाय लग्न लागायचं नाही. एका लग्नात बापाने माझ्या तोंडात तुकडा कोंबला, म्हणाला गिळलास तर तू आमचा. मी तो गालात धरून ठेवला, नवरा-नवरी वाकून वाकून नमस्कार करत होते तोपर्यंत धरून ठेवला, आणि बाहेर ओळीने काढलेल्या बुटांपैकी एका चकचकीत बुटात थुंकलो. कुणाचा होता माहीत नाही. अजून कधी कधी वाटतं, त्या माणसाने घरी जाताना पाय घातला असेल. गाडीत नूना माझ्या शेजारी होती, कोट अंगावर. काच वर. पुढे बसलेल्या पोराने न विचारता आपली काच खाली केली, बाहेर बर्फ, तरी. ती मान कोटात घालून बसली. मी ठरवत होतो, आता सांगतो, पुलावर सांगतो, सिग्नलला सांगतो. आधीच्या वर्षी ती हा मासा खाऊच शकली नव्हती. पहिल्या तुकड्याला पळत जाऊन नदीवर ओकून आली होती आणि सगळ्यांनी वर्षभर तिला 'नदी' म्हणून चिडवलं. गाडीतल्या कुणीतरी म्हटलंच, नूना, आज नदीकडच्या बाजूला बस हं.

जमिनीवर बैठक, बुटके टेबल, खालून तापलेली फरशी. लाल पारदर्शक तुकडे, उकडलेलं डुकराचं मांस, जुनी आंबट किमची. सरांची एक पद्धत आहे. स्वतःच्या हाताने किमचीच्या पानात एक तुकडा पाकट, एक तुकडा मांस गुंडाळतात आणि प्रत्येकाच्या तोंडात घालतात. तोंड उघडायचं. हात मधे आणायचा नाही. अर्धा चावून उरलेला बाहेर ठेवायचा नाही. आणि चावून संपेपर्यंत बोलायचं नाही, घास देणाऱ्याचा अपमान होतो. पाकटाला हाड नसतं, कुर्चा असते, ती कुरकुर करत संपता संपत नाही. पहिला घास मा साहेबांना. सोलकडचा माणूस, सूट, नम्र, डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल, सगळे खूश झाले. दुसरा मला. सर म्हणाले, हा आमचा आकडेवाला. त्यांचा अंगठा माझ्या ओठाला लागला, त्याला अजून संत्र्याचा वास होता, त्या सगळ्यात तेवढा एक कोवळा वास. अमोनिया नाकात चढला, टाळू सोलून निघाल्यासारखा झाला. मी घास गालात सरकवला. जुनी विद्या. चावल्यासारखं करत राहिलो. शेवटी नूना. सगळे हातातले चमचे ठेवून बघायला लागले. कुणीतरी फोन धरला. सरांनी मोठा तुकडा घेतला. तिने तोंड उघडलं, घास घेतला आणि चावायला लागली. शांत. डोळ्यांत पाणी नाही, भुवई नाही हलली. पूर्ण चावला, गिळला. टाळ्या पडल्या. सर म्हणाले, झाली एकदाची आमच्या चॉला प्रांताची सून. टाळ्या चालू असतानाच तिने स्वतः एक तुकडा उचलला, नुसता, कशात न गुंडाळता, तोंडात टाकला. मग जरा थांबून आणखी एक. त्या तुकड्याकडे तिने बघितलं, हळूच नाकाजवळ नेला, ओढून श्वास घेतला. परत घेतला. दार ठोठावून कुणी उघडत नाही तेव्हा माणूस जसा जरा वेळ थांबून परत ठोठावतो तसं. मग खाली ठेवला. तिला काही येत नव्हतं. हे सगळे टाळ्या वाजवत होते आणि तिला काही म्हणजे काहीच येत नव्हतं. मला सकाळपासून शिसारी येत होती ती वासाची होती. आता जी आली तिला वास नव्हता.

सरांनी भाताच्या दारूची वाटी उचलली आणि मा साहेबांकडे तोंड करून बोलायला लागले. गोड बोलतात. पदार्थ तुमचा झालाच समजा, आकडा पक्का आहे, अडलंय ते दाबण्यात, नववर्षानंतर भट्टी दुसऱ्या हातात देतोय, ये-जूने फार कष्ट केले, आता तिला विश्रांती. तिच्याकडे न बघताच म्हणाले, "काय ये-जू, बरोबर ना? हातांचा प्रश्न आहे, दुसरं काय."

"हो सर," ती म्हणाली. "माझंच दाबणं चुकलं असणार."

तिच्या त्या हेल काढलेल्या 'हो सर'ला कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. माझं तोंड भरलेलं होतं. गालातला घास आता गरम होऊन सुजल्यासारखा वाटत होता, त्याचं पाणी घशात उतरत होतं. मी टेबलाखाली फोन काढला आणि तिला लिहिलं. गंधकपण लिथियमएवढंच चाललंय. पाठवलं. फॉस्फरसपण. पाठवलं. सगळा खोकाच वाहत होता, लिथियम जागेवरच आहे. तुझ्या टिकल्या बरोबर आहेत. पहिल्यापासून. तिचा फोन टेबलावर थरथरला, परत थरथरला. तिने वाचलं. वर केलं बोटाने, परत पहिल्यापासून वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. फोन पालथा ठेवला. ओला रुमाल घेऊन एकेक बोट पुसलं, मुळापासून टोकापर्यंत, पेटीच्या मोज्यांत हात घालायच्या आधी पुसते तसं. मग किमचीचं सगळ्यात मोठं पान उचललं. त्यात मांस. त्यात पाकट. परत पाकट, नाकाकडचा जाड कुर्चेचा भाग, जो फक्त जुने खाणारे खातात. लसूण. मिरची. घट्ट दाबून गुंडाळलं. दाबताना तिची बोटं जराही हलत नव्हती. ती गुडघ्यांवर सरकत टेबलाला वळसा घालून सरांच्या समोर आली आणि दोन्ही हातांनी घास वर धरला.

"सर, माझ्या हातचा एक घ्या."

सगळे खूश. अरे वा, सून सासऱ्याला भरवतेय. फोन वर झाले. सर हसले, घासाकडे बघितलं, तो केवढा आहे ते त्यांना दिसलं, आणि मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं, सगळे बघतायत. त्यांनीच लावलेली पद्धत. तोंड उघडलं. तिने घास आत घातला आणि अंगठ्याने शेवटचं टोक नीट आत सारलं. गाल दोन्हीकडून फुगले. कुरकुर सुरू झाली. ती मा साहेबांकडे वळली.

"मा साहेब, दाबण्यात चूक नाही. आकडा खोटा आहे. त्या खोक्यात नुसता लिथियम चालला नव्हता, गंधकपण तेवढंच चाललं होतं."

मा साहेब या धंद्यातलेच. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. "गंधक चाललं?" ते म्हणाले.

"याला विचारा," नूना म्हणाली.

सगळे माझ्याकडे. सरपण. त्यांचा हात वर झाला होता, तळहात माझ्याकडे, थांब म्हणाल्यासारखा, पण तोंड भरलेलं, बोलता येईना, जबडा चाललाय, ओठाच्या कोपऱ्यातून लाल पाणी. मलाही बोलता येत नव्हतं. गिळायचा किंवा थुंकायचा. गिळला असता तरी बोलता आलं असतं, हे मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा मी तोंडात दोन बोटं घातली आणि घास बाहेर काढला. करडा, मऊ, दातांच्या खुणा नसलेला. टेबलावर सरांच्या वाटीशेजारी ठेवला. कुणीतरी श्वास आत ओढला. मालकीण ताट घेऊन येत होती ती दारातच थांबली.

"हो," मी म्हणालो. "लिथियमएवढंच. दुपारी सरांना दाखवलंय. त्यांना उन्हाळ्यापासून माहितीये."

मग फक्त कुरकुर. मी आयुष्यात एवढा वेळ कुणाला चावताना ऐकलेलं नाही. ते आमच्याकडे बघत चावत होते, एका वेगाने, न चिडता, आणि मला वाटलं की हे पण ते खातील, हे सगळं, जे आत्ता बोललं गेलं ते, बारीक करून, पचवून. शेवटी त्यांनी गिळलं. कंठ वर गेला, खाली आला. रुमालाने तोंड पुसलं. म्हणाले, "घास छान बांधलास, ये-जू. जरा मोठा झाला." आणि मा साहेबांच्या वाटीत ओतायला दारूची किटली उचलली. मा साहेबांनी वाटीवर हात ठेवला. दुसऱ्या हाताने त्यांनी मागची खिडकी उघडली.

आम्ही दोघं बाहेर पडलो ते कुणी अडवलं नाही. बुटात पाय घालायच्या आधी मी आत बघितलं. नदीवर गल्लीतल्या दिव्यांचा उजेड होता. स्टॉपवर नूना कोटाची चेन हनुवटीपर्यंत ओढून उभी राहिली. मी तिला म्हणालो की आता डॉक्टरेटचं काय होईल. ती म्हणाली, दुसरीकडे बघते, किंवा नाही बघत, आधी नाक दाखवून येते. म्हणजे तिला माहीत होतं. पावसाळ्यापासून काहीच येत नाही म्हणाली, भातपण नाही, स्वतःचा घामपण नाही, सर्दी असेल म्हणून सोडून दिलं. मग बाही माझ्या तोंडासमोर धरली.

"आता खरं सांग. मारतो वास?"

"मारतो."

"कसला?"

"सडक्या अंड्याचा. सकाळी आमच्या लिफ्टमधल्या बाईने गॅसवाल्यांना फोन केला."

ती हसायला लागली. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, वाकून, खांबाला धरून. डोळे पुसले. "अरे, आणि मी समजत होते," ती म्हणाली, "माझ्या बोलण्यामुळे लोक माझ्याशेजारी बसत नाहीत. दोन वर्षं मी इथल्यासारखं बोलायला शिकतेय."

बस आली. बाजाराचा दिवस, गच्च भरलेली, लोक पायरीपर्यंत. आम्ही चढलो. आम्हाला दोघांनाही बसायला जागा मिळाली.